बर्लिंग्टन : भाडेकरूंचे मत, घरमालकांचे मत

२ मार्च २०२१ रोजी बर्लिंग्टनच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर तीन उत्तरे दिली, आणि ती एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. महापौरपदी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिरो वाइनबर्गर यांना चौथ्यांदा बसवले, पण प्रोग्रेसिव्ह पक्षाचे मॅक्स ट्रेसी अवघ्या १२९ मतांनी हरले. सबळ कारण नसताना भाडेकरूला घराबाहेर काढता येऊ नये, हा प्रोग्रेसिव्हांचा आवडता प्रस्ताव मात्र त्याच मतदारांनी ६० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर केला. आणि पसंतीक्रमाची जी मतदानपद्धत त्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतःच मोडीत काढली होती, ती शहर परिषदेच्या निवडणुकांसाठी जवळपास ६४ टक्के मतांनी परत आणली.

बर्लिंग्टन हे व्हरमाँट राज्यातले सर्वांत मोठे शहर. 'सर्वांत मोठे' म्हणजे २०२० च्या जनगणनेत पंचेचाळीस हजारांहूनही लहान, ४४,७४३ माणसांचे. पश्चिमेला शँप्लेन सरोवर, त्यापलीकडे न्यूयॉर्क राज्यातले ॲडिरॉन्डॅक डोंगर, टेकडीवर व्हरमाँट विद्यापीठ, मधोमध चर्च स्ट्रीटचा वाहनमुक्त बाजार. बेन अँड जेरीजचे पहिले आइस्क्रीमचे दुकान १९७८ मध्ये इथल्याच एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत उघडले. पण जगाला हे शहर माहीत झाले ते बर्नी सँडर्स यांच्यामुळे. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा माणूस रेगन यांच्या काळात इथे महापौर झाला आणि चार वेळा निवडून आला. 'पीपल्स रिपब्लिक ऑफ बर्लिंग्टन' हे टोपणनाव तेव्हापासून चिकटले. कौतुक करणारे ते वापरतात, कुचेष्टा करणारेही.

या टोपणनावाने शहराचे मतदान समजत नाही, असे मला वाटते. गेल्या चार दशकांतले निकाल प्रभागवार पाहिले, तर विचारसरणीपेक्षा एक साधी गोष्ट जास्त उलगडा करते : मतदार भाड्याच्या घरात राहतो की स्वतःच्या. बर्लिंग्टनमधल्या सुमारे ६० टक्के घरांत भाडेकरू राहतात. उरलेल्यांच्या हाती दरवर्षी मालमत्ता कराचे बिल येते. शहराचा बराचसा कारभार या करावर चालतो. महापालिकेने काहीही चांगले करायचे ठरवले की त्याची किंमत आधी एका वर्गाला दिसते आणि त्याचा लाभ पुष्कळदा दुसऱ्या वर्गाला. बर्लिंग्टनचे राजकारण या दोन वर्गांच्या मधल्या फटीत घडते.

आधी राज्याविषयी थोडे, कारण आजचे व्हरमाँट पाहून कालच्या व्हरमाँटची कल्पना येत नाही. १८५६ पासून १९८८ पर्यंत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या राज्याने डेमोक्रॅटिक उमेदवाराला एकदाच पसंती दिली, १९६४ मध्ये. १९३६ साली रूझवेल्ट यांनी अख्खा देश जिंकला तेव्हा त्यांच्या विरोधात गेलेली राज्ये दोनच होती, मेन आणि व्हरमाँट. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षात एक अलिखित रिवाज होता : एकदा ग्रीन माउंटन डोंगररांगेच्या पूर्वेचा माणूस, पुढे पश्चिमेचा. विरोधी पक्षाचा विचार करण्याची गरजच पडत नसे. विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात प्रत्येक गावाला एक प्रतिनिधी मिळे. गाव केवढे आहे हे पाहिले जात नसे. पस्तीस हजारांच्या बर्लिंग्टनला एक जागा आणि डोंगरातल्या दोन-तीन डझन वस्तीच्या स्ट्रॅटनलाही एकच. ही व्यवस्था न्यायालयाच्या दट्ट्यामुळे १९६५ मध्ये संपली.

या रिपब्लिकन समुद्रात बर्लिंग्टन पूर्वीपासूनच वेगळे होते. फ्रेंच कॅनेडियन आणि आयरिश कॅथलिक कुटुंबे गिरण्यांत, रेल्वेत, लाकडाच्या वखारींत कामाला आली आणि डेमोक्रॅट झाली. जेम्स बर्क नावाचा आयरिश लोहार १९०३ मध्ये महापौर झाला. पुढच्या तीन दशकांत तो हरत-जिंकत पुन्हा पुन्हा त्या पदावर येत राहिला. शहराची स्वतःची वीज कंपनी ही त्याच्या काळातली देणगी. बर्लिंग्टन इलेक्ट्रिक आजही शहराच्याच मालकीची आहे. सँडर्स यांच्या आधी पाऊणशे वर्षे एका लोहाराने खासगी कंपनीच्या हातून दिवाबत्ती काढून घेतली होती, हे लक्षात ठेवले की 'समाजवादाचा अचानक उद्भव' ही गोष्ट थोडी फिकी पडते. १९६२ मध्ये शंभराहून अधिक वर्षांनी राज्याला पहिला डेमोक्रॅटिक गव्हर्नर मिळाला. ते फिलिप हॉफ हेही बर्लिंग्टनचेच वकील.

साठ-सत्तरच्या दशकांत महामार्ग झाले, आयबीएमचा कारखाना शेजारच्या एसेक्स जंक्शनमध्ये वाढला, आणि न्यूयॉर्क-बॉस्टनकडची तरुण माणसे स्वस्त जमीन आणि स्वस्थ जगणे शोधत आली. राज्याची लोकसंख्या १९६० मध्ये तीन लाख नव्वद हजार होती, ती १९८० मध्ये पाच लाख अकरा हजारांवर गेली. ब्रुकलिनमध्ये वाढलेले सँडर्स त्याच लाटेतले. लिबर्टी युनियन या छोट्या पक्षातर्फे ते सिनेट आणि गव्हर्नरपदासाठी मिळून चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा सडकून हरले. मग पक्ष सोडून त्यांनी युजीन डेब्ज या जुन्या समाजवादी नेत्यावर एक माहितीपट केला. राजकारण संपल्यातच जमा होते.

१९८१ ची निवडणूक सँडर्स यांनी जिंकली असे आपण म्हणतो. ती बऱ्याच अंशी गॉर्डन पॅकेट यांनी गमावली, असेही म्हणता येईल. पॅकेट दहा वर्षे महापौर होते. जुन्या वळणाचे, सगळ्यांना नावाने ओळखणारे डेमोक्रॅट. रिपब्लिकन पक्षाशी त्यांचे इतके जुळले होते, की त्या वर्षी रिपब्लिकनांनी उमेदवारच दिला नाही. पॅकेट यांच्यावर रागावलेल्यांना मत देण्यासाठी जागा हवी होती आणि ती मोकळी पडली. त्यात पॅकेट यांनी मालमत्ता कर वाढवण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवला. सरोवराकाठच्या जुन्या रेल्वे-यार्डाच्या जागी उंच इमारती बांधण्याचा विकासक टोनी पॉमर्लो यांचा बेत गाजत होता. पर्ल स्ट्रीटवर खाणावळ चालवणारे रिचर्ड बोव्ह पक्षातून फुटून अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी हजारावर मते खाल्ली.

सँडर्स यांनी करवाढीला विरोध केला. हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. समाजवादी उमेदवार आणि करवाढीला विरोध! पण मालमत्ता कर उत्पन्न पाहत नाही, घर पाहतो. निवृत्त गिरणी कामगाराचे घर सरोवराजवळ असले, तर त्याच्यावरही तो तेवढ्याच निष्ठुरपणे बसतो. सँडर्स यांनी हे ओळखले आणि ओल्ड नॉर्थ एंड या शहरातल्या जुन्या, गरीब वस्तीतल्या भाडेकरूंइतकेच तिथल्या गरीब घरमालकांनाही ते सांगितले. शहर विकायला काढलेले नाही, ही त्यांची घोषणा सरोवरकाठाविषयी होती. पण कराच्या बिलाने हैराण झालेल्यालाही ती आपलीशी वाटली. शहराच्या पोलीस संघटनेनेही त्यांना पाठिंबा दिला, कारण वेतनाच्या वाटाघाटींत पॅकेट यांनी तिला दुखावले होते. ३ मार्चला मते मोजली, फेरमोजणी झाली, आणि फरक उरला दहा मतांचा : ४,३३० विरुद्ध ४,३२०.

पहिले वर्ष भांडणात गेले. तेरा जणांच्या नगरमंडळात सँडर्स यांचे म्हणता येतील असे दोघेच. एक टेरी बुरिशस, दुसऱ्या वयोवृद्ध सेडी व्हाइट. दोघेही गरीब वस्तीतून आलेले. बाकीच्यांनी महापौरांच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका अडवल्या, त्यांच्या चिटणीसबाईंनाही काढून टाकले. या माणसाला दोन वर्षे काही करूच द्यायचे नाही, मग लोक आपोआप शहाणे होतील, असा हिशेब होता. लोकांनी तो उलटा केला. १९८२ मध्ये सँडर्स यांचे आणखी साथीदार निवडून आले आणि त्यांचा नकाराधिकार उलथवण्याइतके बळ विरोधकांकडे उरले नाही. १९८३ मध्ये तिरंगी लढतीत सँडर्स यांना ५२ टक्के, डेमोक्रॅट जूडी स्टेफनी यांना ३१ आणि रिपब्लिकन जेम्स गिल्सन यांना १७ टक्के मते मिळाली. टक्केवारीपेक्षा मतांची बेरीज महत्त्वाची : १९७९ च्या मानाने मतदान जवळजवळ दुप्पट झाले होते. मतदारांनी मत बदलले असे म्हणण्यापेक्षा मतदारच बदलले होते. महापौराच्या निवडणुकीला जो कधी घराबाहेर पडत नसे, तो ओल्ड नॉर्थ एंडचा भाडेकरू रांगेत आला.

आणि नव्या महापौरांनी काय केले? क्रांतीच्या अपेक्षेने आलेल्या पत्रकारांची निराशा होईल असेच. शहराचा विमा वर्षानुवर्षे ठरावीक मंडळींकडे होता, त्याच्या स्पर्धात्मक निविदा काढल्या आणि पैसे वाचवले. जमाखर्च नीट तपासला, तेव्हा कुणाच्या लक्षात न आलेली शिल्लक सापडली. बर्फ काढण्याचे काम वेळेवर होऊ लागले. रिपब्लिकन नगरसेवकांनाही नाव ठेवता येईना, इतका हा कारभार काटकसरीचा होता. घरमालकांच्या प्रभागांतून सँडर्स यांना जी मते पुढे मिळाली, ती या विम्याच्या निविदेसारख्या कामांमुळे मिळाली, निकाराग्वामुळे नव्हे. निकाराग्वातल्या पुएर्तो काबेसासशी बर्लिंग्टनचे भगिनी-शहराचे नाते १९८४ मध्ये जुळले, तेव्हा वर्तमानपत्रांना चांगला मजकूर मिळाला एवढेच.

भाडेकरूंसाठी टिकाऊ काम झाले ते १९८४ मध्ये. शहराने दोन लाख डॉलर घालून 'बर्लिंग्टन कम्युनिटी लँड ट्रस्ट' सुरू केला. जमीन ट्रस्टची, घर कुटुंबाचे. घर विकताना किमतीतल्या वाढीचा मर्यादित वाटा मालकाला मिळतो, उरलेला पुढच्या खरेदीदारासाठी घर स्वस्त ठेवण्यात जातो. म्हणजे भाडेकरूला घरमालक करायचे, पण सट्टेबाज करायचे नाही. पुढे एका गृहनिर्माण संस्थेत विलीन होऊन हा ट्रस्ट 'शँप्लेन हाउसिंग ट्रस्ट' झाला आणि देशातला अशा प्रकारचा सर्वांत मोठा ट्रस्ट ठरला. सँडर्स यांच्या आठ वर्षांतला सर्वांत समाजवादी निर्णय हाच असावा, असे मला वाटते. गंमत अशी, की तो कुणाला टोचला नाही.

टोचले ते सरोवरकाठाचे प्रकरण. १९८५ मध्ये 'ऑल्डन' कंपनीच्या मदतीने सरोवराकाठी हॉटेल, सदनिका आणि सार्वजनिक पायवाट अशी योजना आली, आणि तिच्यामागे खुद्द सँडर्स होते! कर्जरोख्यांना दोन तृतीयांश मते हवी होती. सुमारे ५४ टक्के मिळाली, योजना बारगळली. ज्या प्रभागांनी सँडर्स यांना निवडले, त्यांच्यातल्याच अनेकांनी ही योजना पाडली. पुढे १९८९ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सरोवरात भराव घालून रेल्वेने मिळवलेली जमीन सार्वजनिक उपयोगासाठीच वापरता येईल. आज तिथे बाग, सायकलमार्ग आणि नौकांचा धक्का आहे. हरलेल्या योजनेचे इतके चांगले फळ क्वचित पाहायला मिळते.

दुसरा प्रसंग जून १९८३ चा. जनरल इलेक्ट्रिकच्या बर्लिंग्टनमधल्या कारखान्यात लढाऊ विमानांना लागणाऱ्या गॅटलिंग बंदुका बनत. शांततावाद्यांनी दारात ठाण मांडले, आणि समाजवादी महापौरांच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. सँडर्स यांचे म्हणणे होते, की परराष्ट्र धोरणाचे भांडण वॉशिंग्टनशी करा, कामगाराची वाट अडवून नको. आत संघटित कामगारांच्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्या होत्या. पस्तीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. विमानतळावरच्या राष्ट्रीय रक्षक दलाकडे एफ-३५ विमाने येणार होती. सिनेटर सँडर्स त्यांच्या बाजूने होते. मार्च २०१८ मध्ये बर्लिंग्टनच्या मतदारांनी सल्लामसलतीच्या मतदानात ती नकोत असे बहुमताने कळवले. विमाने २०१९ च्या सप्टेंबरात आलीच. त्यांच्या आवाजाच्या पट्ट्यात सर्वाधिक सापडले ते नदीपलीकडचे विनूस्की. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचे असलेले हे गाव आज स्वस्त भाड्याच्या घरांचे आणि निर्वासित कुटुंबांचे आहे.

१९८७ मध्ये सँडर्स यांना हरवण्यासाठी दोन्ही मोठे पक्ष पॉल लाफायेट या एकाच उमेदवारामागे उभे राहिले आणि तरी हरले. १९८९ मध्ये सँडर्स पायउतार झाले आणि पुढच्याच वर्षी ते काँग्रेसवर निवडून गेले. शहरातली त्यांची मंडळी प्रोग्रेसिव्ह म्हणून टिकून राहिली. अमेरिकेत डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन सोडून तिसऱ्या पक्षाला एवढी वर्षे एखादे शहर चालवायला मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत. पीटर क्लॅवेल हे प्रोग्रेसिव्ह महापौर १९९३ मध्ये एकदा हरले, तेही एका रिपब्लिकनाकडून. विवाह न केलेल्या जोडीदारांना, त्यात समलिंगी जोडीदारही आले, शहर-कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात घेतल्याचा राग त्यामागे होता, असे तेव्हा बोलले गेले. दोन वर्षांनी ते परत आले आणि २००६ पर्यंत राहिले. मध्यंतरी २००४ मध्ये ते डेमोक्रॅटिक तिकिटावर गव्हर्नरपद लढले आणि पडले. पक्षांची नावे इथे किती सैल आहेत, ते यावरून कळावे.

आता न्यू नॉर्थ एंडकडे वळले पाहिजे. शहराच्या उत्तर टोकाला, महायुद्धानंतर बांधलेल्या बैठ्या घरांचा हा भाग आहे. पुढे-मागे हिरवळ, गाडीसाठी गॅरेज, मालक बहुधा स्वतःच राहणारा, अनेकदा वयस्क. जुन्या सात प्रभागांपैकी चौथा आणि सातवा हे इथले. रिपब्लिकन पक्षाचा बर्लिंग्टनमधला किल्ला हाच, आणि २००९ मध्ये त्याने साऱ्या शहराला चकवले.

आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत पसंतीक्रमाने मत देतात. बर्लिंग्टनने तीच पद्धत महापौरासाठी २००५ मध्ये स्वीकारली. तीन पक्षांच्या शहरात ती हवीच होती : प्रोग्रेसिव्ह आणि डेमोक्रॅट एकमेकांची मते खाऊन रिपब्लिकनाला निवडून देतील ही भीती जुनी होती. २००९ मध्ये पहिल्या पसंतीची मते अशी पडली : रिपब्लिकन कर्ट राइट २,९५१, प्रोग्रेसिव्ह महापौर बॉब किस २,५८५, डेमोक्रॅट अँडी मॉन्ट्रॉल २,०६३, अपक्ष डॅन स्मिथ १,३०६. 'पीपल्स रिपब्लिक'मध्ये पहिल्या फेरीत पुढे रिपब्लिकन! खालचे उमेदवार बाद झाले, त्यांची मते वाटली गेली, शेवटी मॉन्ट्रॉल गळाले आणि किस यांनी ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असे राइट यांना मागे टाकले.

पुढे सगळ्या मतपत्रिका उपलब्ध झाल्या आणि निवडणूकशास्त्राच्या अभ्यासकांना घबाड मिळाले. मॉन्ट्रॉल आणि किस अशी सरळ लढत असती, तर मॉन्ट्रॉल सुमारे ५४ टक्क्यांनी जिंकले असते. मॉन्ट्रॉल आणि राइट यांच्यात झाली असती, तर सुमारे ५६ टक्क्यांनी. म्हणजे समोरासमोर कुणालाही हरवू शकणारा माणूस तिसरा आला आणि बाहेर पडला. न्यू नॉर्थ एंडमध्ये राइट यांना पहिली आणि मॉन्ट्रॉल यांना दुसरी पसंती देणाऱ्यांनी अजाणता किस यांचा रस्ता साफ केला. त्यांच्यापैकी पुरेशा लोकांनी मॉन्ट्रॉल यांनाच पहिले ठेवले असते, तर त्यांना सर्वांत नको असलेला महापौर आला नसता. अठराव्या शतकात कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने बहुमताच्या ज्या विसंगतींवर विचार केला, त्यांतली एक इथे जिवंत सापडली. आजही जगभरात मतदानपद्धतींवरच्या वादात बर्लिंग्टन २००९ चा दाखला निघतोच.

पद्धत मात्र गणितामुळे गेली असे मला वाटत नाही. निवडणुकीनंतर काही महिन्यांत उघड झाले, की शहराच्या मालकीच्या 'बर्लिंग्टन टेलिकॉम' या इंटरनेट कंपनीसाठी किस प्रशासनाने शहराच्या सामाईक खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर उचलले होते. करदात्याचे पैसे, करदात्याला न विचारता. मार्च २०१० मध्ये पद्धत रद्द करण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि ३,९७२ विरुद्ध ३,६६९ मतांनी ती गेली. सातपैकी पाच प्रभागांनी ती ठेवण्याच्या बाजूने मत दिले होते. चौथ्या आणि सातव्याने एवढा जोर लावला की बाकीचे पाच पुरले नाहीत. बऱ्याच जणांनी कागदावर पसंतीक्रमाविषयी मत दिले, मनात किस यांच्याविषयी. मुद्दा एक आणि राग दुसरा, हे मतदानाचे जुने दुखणे.

या प्रकरणाचा खरा परिणाम पक्षांच्या जागांवर झाला. २०१२ मध्ये वाइनबर्गर आले. पॅकेट यांच्यानंतर एकतीस वर्षांनी डेमोक्रॅट महापौर. हरवले कर्ट राइट यांनाच. तेव्हापासून रिपब्लिकन उमेदवार महापौरपदाच्या शर्यतीतून बाजूला पडत गेले आणि न्यू नॉर्थ एंडच्या सावध घरमालकाला स्वतःचा पक्ष उरला नाही. तो वाइनबर्गर यांच्याकडे गेला. राज्यात, देशात डावीकडे मानला जाणारा डेमोक्रॅटिक पक्ष बर्लिंग्टनमध्ये उजवीकडचा पक्ष झाला. बांधकामाला उत्तेजन, पतमानांकन सुधारणे, पोलीस बळ टिकवणे ही त्याची भाषा. समोर प्रोग्रेसिव्ह, भाडेकरू आणि विद्यार्थ्यांच्या प्रभागांतले. वॉशिंग्टनच्या बातम्या पाहणाऱ्याला हे चित्र उमजणे कठीण आहे. पण दोन्ही बाजूंचे मतदार नोव्हेंबरमध्ये बहुधा एकाच अध्यक्षीय उमेदवाराला मत देतात. मार्चमध्ये ते वेगळे होतात.

विद्यार्थ्यांविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे विद्यापीठ एवढ्याशा शहरात असले, की मतदार यादी दरवर्षी थोडी नवी होते. प्रभागांची फेररचना झाली तेव्हा आठवा प्रभाग तयार झाला. त्यात वसतिगृहे आणि टेकडीच्या उतारावरची भाड्याची जुनी घरे येतात. आज शहर परिषदेत बारा जागा आहेत : आठ प्रभागांच्या आठ आणि दोन-दोन प्रभागांच्या चार जिल्ह्यांच्या चार. व्हरमाँटमध्ये २०१७ पासून मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते. चार वर्षांत निघून जाणाऱ्या मुलांनी वीस वर्षे कर भरणाऱ्यांचे भवितव्य का ठरवावे, ही कुरकुर घरमालकांच्या भागांत कायम असते. भाडे तर तीच मुले भरतात, आणि भाड्यात कर येतोच, असे उत्तर पलीकडून मिळते. दोन्ही खरे आहे.

जून २०२० मध्ये, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, शहर परिषदेने पोलिसांची मंजूर संख्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी केली. माणसे काढायची नाहीत, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. प्रत्यक्षात अधिकारी अपेक्षेपेक्षा वेगाने सोडून गेले आणि पुढे परिषदेलाच ती मर्यादा वाढवावी लागली. एकेकाळी पोलीस संघटनेच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या महापौरांचा वारसा सांगणारा पक्ष आता पोलीस संघटनेशी भांडत होता. मॅक्स ट्रेसी त्याच पक्षाचे, ओल्ड नॉर्थ एंडचे नगरसेवक. २०२१ ची १२९ मतांची हार या सगळ्याच्या सावलीत झाली. वाइनबर्गर यांना साधारण ४३ टक्के, ट्रेसी यांना ४२, आणि न्यू नॉर्थ एंडचे अपक्ष नगरसेवक अली डिएंग यांना बरीचशी उरलेली. डिएंग मूळचे मॉरिटानियाचे. ४० टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की निकाल पक्का, असा नियम होता. पसंतीक्रम असता तर डिएंग यांची मते कुणाकडे गेली असती, याची चर्चा निकालाच्या रात्रीपासून सुरू झाली. त्याच मतपत्रिकेवर मतदार ती पद्धत, शहर परिषदेपुरती का होईना, परत आणत होते, हे त्यातले विशेष.

आणि भाडेकरू-संरक्षणाचा तो ६० टक्क्यांवरचा प्रस्ताव? तो अमलात आला नाही. अमेरिकेत शहर हे राज्याचे लेकरू आहे. बर्लिंग्टनची सनद बदलायची तर राजधानी मॉन्टपेलिअरमधल्या विधिमंडळाची मंजुरी लागते. १९८० च्या दशकात मालमत्ता कराऐवजी दुसरे कर शोधताना सँडर्स यांनीही या भिंतीवर डोके आपटले होते. विधिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला. गव्हर्नर फिल स्कॉट यांनी २०२२ मध्ये तो नाकारला. नकार उलथवायला दोन तृतीयांश मते हवी होती, आणि कनिष्ठ सभागृहात एक मत कमी पडले. एकच.

फिल स्कॉट रिपब्लिकन आहेत. २०२० मध्ये व्हरमाँटने बायडन यांना सुमारे ६६ टक्के मते दिली, इतकी दुसऱ्या कुठल्याच राज्याने दिली नाहीत. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर स्कॉट यांना ६८ टक्क्यांहून अधिक. स्कॉट यांनी स्वतः बायडन यांना मत दिल्याचे जाहीरपणे सांगितले. २०२४ मध्ये त्यांची मते ७३ टक्क्यांवर गेली. करवाढ रोखणारा, सभ्य, कंत्राटदारीच्या व्यवसायातून आलेला गव्हर्नर हवा, पण देशात रिपब्लिकन नको, असे म्हणणाऱ्यांचे हे राज्य. २०१६ मध्ये तर अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीत, सँडर्स उमेदवार नसतानाही, १८ हजारांवर मतदारांनी त्यांचे नाव हाताने लिहून मत दिले. पाच टक्क्यांहून अधिक. व्हरमाँटचा मतदार माणूस पाहून मत देतो असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. मला त्यात थोडी आत्मस्तुती दिसते, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत हे मान्य केले पाहिजे.

मार्च २०२३ च्या मतपत्रिकेवरही असेच तिरपागडे दिसले. पोलिसांवर देखरेख करणारे स्वतंत्र नागरी मंडळ नेमण्याचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. त्याच दिवशी, नागरिकत्व नसलेल्या पण कायदेशीरपणे राहणाऱ्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकांत मत द्यायला मान्यता दिली. डावे म्हणावे तर पहिले उत्तर चुकते, उजवे म्हणावे तर दुसरे. पोलीस हवेत आणि शेजाऱ्यालाही मत हवे, असे म्हणणारा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण बर्लिंग्टनमध्ये तो बहुमतात आहे. मार्च २०२४ मध्ये याच शहराने एमा मलव्हेनी-स्टॅनॅक यांना महापौर केले. पहिल्या स्त्री महापौर आणि बारा वर्षांनंतर पुन्हा प्रोग्रेसिव्ह. हरल्या त्या डेमोक्रॅट जोन शॅनन. अमली पदार्थ, चोऱ्या आणि चर्च स्ट्रीटवरची असुरक्षितता यांवर त्यांचा सारा प्रचार होता. वर्षभरापूर्वी पोलिसांवरचे मंडळ फेटाळणाऱ्या शहरात तो चालेल असे अनेकांना वाटले होते. पण त्या वर्षी घरभाडे हाही तितकाच मोठा प्रश्न होता.

बिगरनागरिकांच्या मतदानाचा प्रस्तावही स्कॉट यांनी नाकारलाच होता; तो मात्र विधिमंडळाने २०२३ च्या जूनमध्ये उलथवला. विनूस्की आणि मॉन्टपेलिअर यांनी ही वाट आधीच पाडली होती. शहराला आता या मतदारांची वेगळी यादी ठेवावी लागते, कारण त्यांना महापौर, नगरसेवक आणि शाळा मंडळ निवडता येते. गव्हर्नर किंवा अध्यक्ष निवडता येत नाही. ओल्ड नॉर्थ एंडमध्ये, जिथे शंभर वर्षांपूर्वी फ्रेंच ऐकू येई, तिथे गेल्या तीन दशकांत बोस्नियन, सोमाली बंटू आणि काँगोमधली कुटुंबे आली. २००८ पासून नेपाळमधल्या छावण्यांतून भूतानचे नेपाळीभाषक निर्वासित येऊ लागले, आपल्यासारखीच देवनागरी वाचणारे. त्यांतल्या अनेकांनी आता नागरिकत्व घेतले आहे. काहींनी घरेही घेतली आहेत, आणि त्यांच्या दारात मालमत्ता कराचे बिल येऊ लागले आहे.